लक्कम्मानं परत पाठवलेले तांदूळ

तुरीला मर लागते ती बहुधा फुलोऱ्यात, नाहीतर शेंगा धरताना. तोवर पेरणी झालेली असते, कोळपण्या झालेल्या असतात, अळीची फवारणी झालेली असते, घरातला आणि उसना असा सगळा पैसा जमिनीत गेलेला असतो. मग एका सकाळी ओळीतली चार झाडं मान टाकलेली दिसतात. आठवड्याभरात चाराची चाळीस होतात. झाड उपटून खोड उभं चिरलं की आत काळपट रेघ सापडते. मर आणणारी बुरशी जमिनीतच असते, वर्षानुवर्षं, आणि झाडाच्या पाणी वाहणाऱ्या शिरा आतून बुजवते. रानात ओल असताना झाड तहानेनं वाळतं.

आता बांधावर उभा असलेला माणूस काय म्हणतो ते ऐका. "माझ्या हातालाच बरकत नाही." घरी आल्यावर म्हातारा बाप म्हणतो, "आमच्या वेळेला असं कधी झालं नव्हतं." कट्ट्यावर कुणीतरी म्हणतं, "अण्णा, शेजारच्या रानातली तर चांगली आहे की वो." रात्री हीच वाक्यं तो पडल्या पडल्या स्वतःला पुन्हा ऐकवतो, आणखी कडक शब्दांत. बुरशीचं नाव त्यात कुठंच येत नाही.

मंठाळ, बसवकल्याण, भालकी, आळंद या आपल्या पट्ट्यात कन्नड, मराठी आणि दखनी एकाच कट्ट्यावर बोलली जाते, पण स्वतःला फटकारण्याच्या बाबतीत तिन्ही भाषांचं एकमत आहे. जो स्वतःला दोष देतो तो जबाबदार माणूस, आणि 'यात माझं काय चुकलं?' असं विचारणारा निर्लज्ज. पोरगा रडला तर 'बाई आहेस का?' आणि बाई रडली तर 'नाटकं पुरे'. मन दगडासारखं केलं म्हणजे माणूस टिकतो, असं आपण पिढ्यान् पिढ्या धरून चाललो आहोत. मला हे साफ चूक वाटतं. वाईट हंगामात स्वतःशी मायेनं वागायला शिकणं हे नांगरटीइतकंच कष्टाचं काम आहे, आणि ते काम न शिकवणारा समाज आपली चांगली चांगली माणसं हकनाक गमावतो.

मागचे काही हंगाम आठवा. 2022 च्या खरिपात कलबुर्गी जिल्ह्यात सुमारे दोन लाख हेक्टरवरची तूर मर रोगानं वाळली आणि सरकारला हेक्टरी 10,000 रुपयांची मदत जाहीर करावी लागली. 2023 मध्ये पावसानं पाठ फिरवली. कर्नाटकातल्या 236 पैकी 223 तालुके दुष्काळग्रस्त ठरले. 2025 च्या सप्टेंबरात नेमकं उलटं. मांजरा आणि भीमा पात्राबाहेर आल्या, बीदर-कलबुर्गीत उभं सोयाबीन पाण्यात कुजलं, तुरीच्या रानात गुडघाभर चिखल झाला. शिवाय जे पिकलं त्याचं काय? 2025-26 साठी तुरीचा हमीभाव क्विंटलला 8,000 रुपये ठरला, आणि त्याच वर्षी परदेशातून येणाऱ्या तुरीवर आयातशुल्क शून्य. आडतीवर माल घेऊन गेलेल्याच्या हातात काय पडलं, ते त्यालाच विचारा.

यातला किती भाग एका माणसाच्या हाताच्या बरकतीचा आहे?

माझी सूचना अगदी कोरडी आहे. वहीचं एक पान घ्यावं आणि तीन रकाने पाडावेत. पहिल्यात आभाळाचं लिहावं, दुसऱ्यात बाजाराचं आणि सरकारचं, तिसऱ्यात आपलं. तिसरा रकाना कधीच कोरा राहत नाही, आणि तो कोरा ठेवावा असं मी म्हणतही नाही. त्याच रानात सलग चौथ्या वर्षी तूर घेतली. बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळायचं राहून गेलं. मर सोसणारं टीएस-थ्री-आरसारखं वाण मिळत असताना घरचंच जुनं बियाणं पेरलं. ज्वारीचं आंतरपीक मोडलं, कारण काढणीला माणूस मिळत नाही. वास्तविक ज्वारीच्या जोडीनं घेतलेल्या तुरीत मर कमी येते, हे इक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलेलं आहे. हे सगळं तिसऱ्या रकान्यात येतं आणि पुढच्या जूनमध्ये दुरुस्तही करता येतं. पण ज्यानं तिन्ही रकान्यांवर आपलंच नाव लिहून ठेवलं, त्याला हा तिसरा रकाना वेगळा दिसतच नाही. त्याच्या लेखी आयात धोरण, अतिवृष्टी आणि न चोळलेलं ट्रायकोडर्मा एकाच ढिगात पडलेलं असतं. स्वतःवर सतत आसूड ओढणारा माणूस आपल्या खऱ्या चुका सुधारण्यात सगळ्यांत मागे राहतो, याचं मला आता आश्चर्य वाटत नाही.

एका कारणानं कुणी जीवाला कंटाळत नाही. कर्ज, आजारपण, घरातला ताण, दारू, लग्नकार्याचा खर्च, एकटेपण, असं बरंच काही एकावर एक साचत जातं. तरीही आकडा डोळ्यांसमोर ठेवायला हवा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात शेतीवर जगणाऱ्या 11,290 जणांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यात महाराष्ट्रातले 4,248 आणि कर्नाटकातले 2,392. आपण ज्या दोन राज्यांच्या शिवेवर राहतो, त्या दोघांचा मिळून निम्म्याहून अधिक वाटा. याच अहवालात शेतकरी म्हणून मोजलेल्या 5,207 जणांत बाया फक्त 208 आहेत. बायांवर ताण कमी आहे असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. जमिनीच्या पहाणीवर जिचं नाव नाही, ती शेतकरी धरली जात नाही, एवढंच. खुरपणी, वेचणी, राशीपर्यंत रानात तीच असते. कागद मात्र तिला ओळखत नाही.

दगड होण्याचा हा धडा आपण घेतला तरी कुठून? पुष्कळ लोक कल्याणच्या शरणांकडे बोट दाखवतात. कायक हाच कैलास, मग थांबायचं कशाला, थकायचं कशाला? कायकाचं नाव घेऊन बायकोला, पोरांना, सालगड्याला आणि शेवटी स्वतःला राबवून घेणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांनी आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा यांची कथा नीट ऐकलेली नसावी.

हे जोडपं बाराव्या शतकात रायचूरकडून कल्याणला आलं, बसवण्णांच्या काळात. मारय्याचं कायक सांडलेले तांदूळ वेचण्याचं. बसवण्णांच्या घरी, महामनेत, धान्याची उठबस मोठी. अंगणात जे सांडेल ते वेचून आणायचं, त्यावर घर आणि जंगमांचं जेवण चालायचं. एकदा मारय्या अनुभव मंडपातल्या चर्चेत इतका रमला की वेचणीचं भानच उरलं नाही. लक्कम्मानं त्याला तिथून उठवलं आणि कामावर धाडलं. इथवरची गोष्ट कायकवाद्यांना आवडते. पुढची ऐका. बसवण्णांनी परीक्षा पाहायची म्हणून अंगणात नेहमीपेक्षा जास्त तांदूळ सांडून ठेवले. मारय्यानं सगळे वेचले आणि ओटी भरून घरी आणले. लक्कम्मानं विचारलं, हे एवढे कुठून? आपल्याला रोज लागतात तेवढेच कुठं आहेत हे? आणि जास्तीचे तांदूळ परत टाकून यायला लावले.

ही गोष्ट आपण निर्लोभीपणाची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. मला तिच्यात आणखी काही दिसतं. मारय्याला त्या दिवशी कुणी चोर म्हणणार नव्हतं. उद्याची काळजी म्हणून त्यानं चार मुठी जास्त वेचल्या असतील. आपण सगळे हेच करतो: उद्याच्या भीतीनं आज दुप्पट वाकतो. लक्कम्मानं त्याच्या वाकण्यालाच माप घातलं. जी बाई नवऱ्याला कामावर धाडते, तीच त्याला 'पुरे' म्हणते. दोन्ही गोष्टी एकाच तोंडून येतात, म्हणून त्यांना वजन आहे. नुसतं 'ऊठ, कामाला लाग' म्हणणारं माणूस घरात असलं तर घराचा तुरुंग होतो, आणि नुसतं 'राहू दे' म्हणणारं असलं तर चूल थंड पडते. बसवकल्याणात नवा अनुभव मंडप उभा करण्यासाठी 6 जानेवारी 2021 रोजी पायाभरणी झाली, 770 शरणांच्या स्मरणार्थ 770 खांबांचा आराखडा आहे. खांब अवश्य उभे राहावेत. त्यातला एखादा या जोडप्याचा म्हणून दाखवला जाईल, तेव्हा तिथल्या मार्गदर्शकानं परत पाठवलेल्या तांदळांची गोष्ट सांगावी, एवढी माझी विनंती आहे.

आता आक्षेप येणारच: माणसाला गोंजारलं की तो ऐदी होतो. शाळेत छडी, घरी चापट आणि मनात शिवी, यावरच आपली प्रगती झाली असं मानणारे शिक्षकही मला भेटतात. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन या दोघींनी हे तपासून पाहिलं आणि 2012 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांना मुद्दाम अवघड शब्दपरीक्षा दिली, ती बहुतेकांना जमली नाही. मग एका गटाला सांगितलं, ही परीक्षा अनेकांना जड जाते, स्वतःवर फार रागावू नका. दुसऱ्या गटाची हुशारीबद्दल स्तुती केली. तिसऱ्याला काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या परीक्षेआधी अभ्यासाला हवा तेवढा वेळ घ्या म्हटल्यावर सगळ्यांत जास्त वेळ पहिल्या गटानं अभ्यास केला. मायेचा शब्द ऐकलेली पोरं जास्त राबली. ज्याला पडल्यावर मार बसण्याची भीती नाही, तो पुन्हा उठून चालायला घाबरत नाही. यात काही गूढ नाही.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. कर्नाटक सरकारनं 2024 मध्ये दहावीला परीक्षा एक, दोन, तीन अशी व्यवस्था केली. मूल एकाहून अधिक परीक्षा देऊ शकतं, सर्वांत चांगले गुण धरले जातात, आणि 'पुरवणी'चा जुना शिक्का गेला. सरकारी खात्याच्या नियमावलीत सहसा न सापडणारी माया इथं सापडते. आणि तिची गरज किती आहे पाहा: 2025 च्या पहिल्या परीक्षेत कलबुर्गी जिल्ह्याचा निकाल 42.43 टक्के लागला, राज्यात सर्वांत तळाला. जिल्ह्यातली निम्म्याहून जास्त पोरं जिथं नापास होतात, तिथं रिकामी शिक्षकपदं, हंगामात रानात जाणारी पोरं, घरी एक आणि पुस्तकात दुसरी भाषा, हे सगळं पहिल्या दोन रकान्यांत येतं. निकालाच्या दिवशी घरोघरी मात्र तिसराच रकाना वाचला जातो. मराठी माध्यमातून कन्नड राज्याची दहावी देणाऱ्या आपल्या पोरांना तर दोन्हीकडचं ऐकावं लागतं. परीक्षा दोनचा अर्ज भरायला शेवटची तारीख असते. रागावलेल्या घरात ती तारीख निघून जाते.

स्वतःशी मायेनं वागणं एकट्यानं जमतंच असं नाही, हेही मान्य करायला हवं. ज्ञानेश्वर लोकांच्या बोलण्यानं दुखावले आणि झोपडीची ताटी लावून आत बसले, ही कथा आपल्या लहानपणापासूनची. ज्यांच्याकडे अख्खा महाराष्ट्र माउली म्हणून पाहतो, त्यांनाही एक दिवस दार लावून घ्यावंसं वाटलं. ते दार उघडायला बाहेर उभी राहिली ती घरातली सर्वांत धाकटी, मुक्ताबाई. ताटीचे अभंग म्हणून आपण जे म्हणतो ते तिचं आर्जव आहे. लोक वाईट वागले हे ती नाकारत नाही आणि भावाला भेकडही ठरवत नाही. तो कोण आहे हे त्याला आठवून देते. आपल्या घरांत असं बोलायची मुभा धाकट्या बहिणीला, सुनेला, शाळेत जाणाऱ्या पोरीला आहे का? मला वाटतं सुधारणेची सुरुवात इथून व्हायला हवी. जेवायच्या वेळी गप्प बसलेल्या बापाला 'बाबा, काय झालं?' विचारणाऱ्या मुलीला 'तू तुझा अभ्यास कर' असं उत्तर मिळतं, त्या घराला बाहेरून कितीही योजना येऊन उपयोग नाही.

विचारायचं कसं, हाही प्रश्न असतो. 'धीर धरा' हे आपलं ठरलेलं वाक्य. ते बोलणाऱ्याची सुटका करतं, ऐकणाऱ्याची करत नाही. त्यापेक्षा "दाजी, जेवलात का? चला, मी पण जेवलो नाही" हे बरं. सोबत बसावं. बँकेची नोटीस आली असेल तर ती हातात घेऊन त्याच्यासमोर वाचावी, कारण बहुतेकदा न उघडलेल्या नोटिशीची धास्ती उघडलेल्या नोटिशीपेक्षा मोठी असते. झोप येते का, विचारावं. सलग पंधरा दिवस झोप नाही, जेवणावरची वासना गेली, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा येऊ लागली, तर मामला गप्पांच्या पलीकडे गेला असं समजावं आणि डॉक्टर गाठावा. 14416 हा टेली-मानसचा क्रमांक आहे; 10 ऑक्टोबर 2022 ला ही सेवा सुरू झाली, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, आणि कन्नडखेरीज मराठीतही बोलता येतं. आत्महत्येचा प्रयत्न झाला तरी 'पोलीस केस होईल' या भीतीनं घरचे लोक दवाखान्यात खरं सांगत नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या 115 व्या कलमानुसार असा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं असतं, आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर असते.

मनाचे आजार म्हणजे शहरातल्या शिकल्यासवरलेल्यांचं खूळ, असं म्हणणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक नसते. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या साध्या डॉक्टरला आणि कर्मचाऱ्याला शिकवून खेड्यातच मानसिक आजारांवर उपचार करता येतात, हे निमहान्सनं 1980 च्या दशकात करून दाखवलं ते बळ्ळारी जिल्ह्यात. 1996 मध्ये सुरू झालेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्याच नमुन्यावर उभा राहिला. म्हणजे देशाला ही वाट आपल्या कल्याण कर्नाटकानं दाखवली, आणि आपणच बीदरच्या किंवा कलबुर्गीच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागाच्या दाराशी जाताना पदरानं तोंड झाकून घेतो.

बायांबद्दल एक वेगळं सांगायला हवं. त्यांची स्वतःशी कठोरता दिसत नाही, कारण ती ताटात असते. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं, कालचं, तव्याला लागलेलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत कर्नाटकातल्या 15 ते 49 वयाच्या 47.8 टक्के बायांना रक्तक्षय आढळला. 'माझं काय मेलं, चालतंय' हे वाक्य आपण त्यागाचं म्हणून कौतुकानं सांगतो. अंगात रक्त नसलेली बाई वाईट हंगाम कशाच्या बळावर काढणार? आधी तिनं जेवावं, निदान सगळ्यांबरोबर जेवावं. लक्कम्माच्या मुलुखात एवढं अवघड नसावं.

या सगळ्यात एक धोका आहे, आणि तो मला लपवायचा नाही. मनाला समजवा, स्वतःला माफ करा, श्वास सावकाश घ्या, असं सांगणारे अधिकारी आणि पुढारी उद्या निघतील. त्यांना ते स्वस्त पडतं. 2023 च्या दुष्काळासाठी कर्नाटकानं केंद्राकडे 18,171 कोटी रुपये मागितले, राज्याला सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं, आणि हाती आले ते साडेतीन हजार कोटींच्या आत. अशा वेळी शेतकऱ्याला 'सकारात्मक राहा' म्हणणं हा अपमान आहे. तीन रकान्यांचा कागद यासाठीसुद्धा उपयोगाचा: दुसऱ्या रकान्यात जे येतं ते मागायला ग्रामसभेत आणि तहसीलवर जायचं असतं. जो स्वतःलाच गुन्हेगार मानतो तो पंचनाम्यालाही मान खाली घालून उभा राहतो, पिकाचं नुकसान अर्धंच सांगतो, विम्याची तक्रार नोंदवायला संकोचतो. हक्क मागायला ताठ पाठीचा कणा लागतो, आणि रोज रात्री स्वतःलाच खाणाऱ्याचा कणा ताठ राहत नाही.

हेच कर्जाच्या वसुलीचं. फेब्रुवारी 2025 मध्ये कर्नाटकात अध्यादेश निघाला. छोट्या कर्जाच्या वसुलीसाठी धमकावणं, घरासमोर ठाण मांडणं, चारचौघांत अपमान करणं याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. पण हप्ता चुकलेल्या बाईला कर्ज देणाऱ्या कंपनीच्या माणसाआधी गटातल्या इतर बायाच बोलतात, कारण तिचा हप्ता त्यांच्या गळ्यात पडतो. त्यांचाही नाइलाज असतो हे मी समजू शकतो. कायदा तिथवर पोचत नाही.

म्हणून माझी सूचना महिला बचत संघांनाच आहे. बीदर जिल्ह्यात महिला बचत गटांचं जाळं जुनं आणि दाट आहे, बैठक ठरलेल्या वारी होतेच. हप्त्याची वही उघडण्याआधीची दहा मिनिटं मोकळी ठेवा. कुणाच्या रानात काय झालं, कुणाला झोप नाही, कुणाच्या घरात कोण गप्प गप्प आहे, एवढंच बोला. उपदेश करायचा नाही, उपाय सुचवायचा नाही, आणि त्या दहा मिनिटांत पैशाचा विषय काढायचा नाही. ज्या आक्काला बोलायचं नाही तिनं नुसतं बसावं. मंठाळ होबळीतल्या एखाद्या संघानं मिरगापासून दिवाळीपर्यंत हे करून पाहावं आणि काय होतं ते बाकीच्यांना सांगावं.